सावलीतली खुर्ची

"लंका, उद्यापासून येऊ नकोस."

आई हे फाटकात उभी राहून म्हणाली. समोर गुंदेचाकाकू अंगणात पापड वाळत घालत होत्या, त्यांचा हात थांबला. आईचा आवाज मोठा नव्हता कधीच. त्या सकाळी तिने तो मुद्दाम चढवला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

लंकाबाई नुकतीच आली होती. तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

"का वो, वहिनी?"

"का म्हणून वर मलाच विचार. माणूस दवाखान्यात पडलंय, खुब्याचं हाड मोडून. रोज खुर्च्या कोण मांडतं? पट्ट्या सडल्यात हे दिसलं नाही तुला?"

"सडल्या न्हवत्या. चांगल्या ताठ व्हत्या."

"ताठ होत्या, मग अण्णा जमिनीवर कसे आले?"

"अण्णा बसत्यात ती खुर्ची म्या रोज दाबून बघते. दोन्ही हातांनी. ती मोडली का? न्हाई. मोडली ती दुसरी." लंकाबाईने डबा या हातातून त्या हातात घेतला. "तिच्यात कुणी बसतच न्हाई, तर दाबून कशाला बघायची?"

 पलीकडून गुंदेचाकाकू म्हणाल्या, "जाऊ दे लंका, वाद नको घालू. मोठ्या माणसाचं ऐकावं."

लंकाबाईने डबा फाटकाच्या खांबावर ठेवला. "हुलग्याचं माडगं हाये. अण्णास्नी द्या," म्हणाली, आणि माझ्याकडे एकदा बघून गेली. मी ओट्यावर उभी होते. मला काहीतरी बोलायला हवं होतं. पण पट्ट्या तुटल्या होत्या हे खरं होतं आणि अण्णा पडले होते हेही खरं होतं.

त्याच संध्याकाळी गुंदेचाकाकूंनी तिला आपल्याकडेही नको म्हणून सांगितलं. त्यांच्या सासूबाई नव्वदीच्या होत्या. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बोरुड्यांकडचं काम गेलं. लंकाबाईच्या हातून म्हातारं माणूस पडलं, एवढंच गल्लीतून फिरत होतं. खुर्चीचं नाव कुणी घेत नव्हतं.

---

आम्ही तेव्हा नगरला, भिंगारच्या अलीकडे राहत होतो. अण्णा लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले त्या वर्षी डेपोच्या लिलावातून त्यांनी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. अल्युमिनियमची नळी आणि तिच्यावर हिरव्या-पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या, नवारीसारख्या आडव्या-उभ्या विणलेल्या. उन्हापावसात राहून पट्ट्यांचा रंग उडाला होता, पण अण्णांना त्या खुर्च्यांचं फार. दुपार कलली की लंकाबाई त्या फाटकाशी मांडायची. अण्णा एकीत बसायचे. दुसरी लिंबाच्या सावलीत, थोडी पुढे, रस्त्याकडे तोंड करून. तिच्यात बसायला अण्णा कुणालाच सांगत नसत. जोशी मास्तर आले, तर त्यांना ओट्यावर बसवायचे.

ती जावईबापूंची होती.

दिवाळीला मी नाशिकहून आले होते, ती परत गेले नव्हते. मी तिथे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेतून यायला उशीर झाला की माझे यजमान, यशवंत, दाराला आतून कडी घालत. आतून रेडिओचा आवाज येत असे. मी जिन्यात बसून राही. शेजारचे जाता-येता अंग चोरून घेत आणि काही विचारत नसत. हे मी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "अण्णांना इतक्यात नको सांगू. ब्लडप्रेशर आहे त्यांना. जरा बरं वाटू दे." अण्णांना एवढंच सांगितलं की थोडी कुरबुर झाली आहे.

कुरबुर झाली की जावई बायकोला न्यायला येतो, हे अण्णांच्या हिशेबी ठरलेलं होतं. त्यांच्या वेळी ते स्वतः आईला आणायला तिच्या माहेरी गेले होते, आणि सासऱ्यांनी त्यांना उन्हात उभं ठेवलं होतं. ही गोष्ट ते हसत सांगत, पण पुन्हा पुन्हा सांगत. म्हणून ती खुर्ची सावलीत असे.

---

"खुर्च्या?" अण्णांनी विचारलं.

ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. ते पाठीवर निजून होते आणि मान वळवून बोलत होते.

"आहेत ना. एक चांगली आहे."

"एक नाही. दोन्हींना नव्या पट्ट्या घाल. बाजारात मिळतात. तुला येईल ते, तू सायन्सची." आणि मग, "पाहुणा उभा राहायला नको, शशी."

आई टेबलावर मोसंबं सोलत होती. म्हणाली, "भंगारात टाकून देऊ ती. काय करायचीय?"

"भंगारात?" अण्णा हसले, मग कळ आली म्हणून थांबले. "अगं, मोडली ती माझ्या वजनाने. त्या दिवशी ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हटलं पाच मिनिटं सावलीत बसू. दुसऱ्याच्या जागेवर बसलं की असं होतं." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "लंका नाही आली एकदाही?"

"तिला बरं नाहीये," आई म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. ती फोडींवरचा पांढरा पापुद्रा काढत होती. अण्णा मोसंबं पापुद्र्यासकट खात, हे तिला पक्कं माहीत होतं.

---

कॉलेजला सुट्टी होती. इथल्या कॉलेजात मला हंगामी नोकरी मिळाली होती, प्रयोगशाळेत. बाजारातून हिरव्या पट्टीचं बंडल आणलं. ओट्यावर जुनी सतरंजी अंथरून मी आधी अण्णांची खुर्ची उघडली. पट्टीची टोकं विड्याच्या पानासारखी त्रिकोणी दुमडून नळीवर स्क्रूने बसवलेली होती. स्क्रू गंजले होते. खोबरेल तेल सोडून एकेक सैल करावा लागला. जिथे एक पट्टी दुसरीच्या खालून गेली होती, तिथे गडद हिरवे चौकोन तसेच राहिले होते. ऊन तिथवर पोचलं नव्हतं. नायलॉन उन्हाने मरतं. वरची बाजू आधी फिकी पडते, मग ठिसूळ होते, आणि शेवटी तुटते ती जिथे ती नळीवरून वाकते आणि रोज ऊन खाते तिथे. पुढच्या कडेला.

अण्णांच्या खुर्चीच्या पट्ट्या पुढच्या कडेला पिंजल्या होत्या. बरोबर.

मग मी दुसरी घेतली.

तिच्याही काही पट्ट्या पुढे तुटल्या होत्या, वाटेल तशा, काही तंतू लांब, काही आखूड. त्या अण्णांच्या वजनाने तुटल्या असणार. पण मधल्या तीन उभ्या पट्ट्या पुढे शाबूत होत्या. त्या तुटल्या होत्या मागे, बैठकीच्या खालच्या बाजूला, नळीला लागून. मी खुर्ची पालथी केली. तिथे कधीच ऊन जात नव्हतं. रंग नव्यासारखा होता. आणि कडा सरळ होत्या.

मी बराच वेळ त्या कडा बघत बसले. तीन पट्ट्या एका सरळ रेषेत तुटत नाहीत. आणि आडव्या पट्ट्यांच्या विणीत अडकून त्या जागच्या जागी राहिल्या असत्या, वरून बघणाऱ्याला बैठक ताठच दिसली असती. लंकाबाई म्हणत होती तशी.

प्रत्येक कडेत एक गंमत होती. डाव्या बाजूला, सारख्याच अंतरावर, पाच-सहा तंतूंचा एक झुपका बाकीच्यांपेक्षा लांब राहिला होता. ओढून तोडल्यासारखा.

"आई, कात्री दे ना," मी आत हाक मारली.

"भाजीची सुरी आहे तिथेच."

"सुरीने नाही कापली जात पट्टी."

ती जरा वेळाने आली. तिची शिवणाची मोठी कात्री तिने माझ्यापुढे ठेवली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. तांदूळ निवडायला घेतले. मी नवी पट्टी मोजली आणि कापली. कात्री चालली आणि मध्येच अडली. पट्टी लोंबत राहिली, पाच-सहा तंतूंवर. मला ती ओढून तोडावी लागली.

पात्याला खाच होती. मी शाळेत असताना कात्रीने तार कापली होती आणि मार खाल्ला होता. तीच खाच.

मी नवी कड जुन्या कडेशेजारी ठेवली. झुपका त्याच जागी होता. तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला होता.

"कात्री बोथट झालीये," आई म्हणाली.

"बोथट नाही."

"मग?"

"बघ ना तूच."

ती उठून आली नाही. तिथूनच म्हणाली, "मी काय बघू? मला काय कळतंय त्यातलं."

मी मेणबत्ती पेटवून नव्या पट्टीची कड ज्योतीवर धरली. तंतू वितळून एकमेकांना चिकटतात, म्हणजे मग कड उसवत नाही. वास पसरला. आईने पदर नाकाशी धरला आणि तो तसाच डोळ्यांपर्यंत वर नेला.

"सगळ्याच कापणार होते मी," ती म्हणाली. "उचलली तर लोंबली पाहिजे, अशा. म्हणजे त्यांनाच दिसलं असतं, ही आता बसायजोगी नाही. तीन कापल्या, आणि रस्त्यावरचे दिवे लागले. दिवेलागणीला कात्री चालवू नये म्हणून ठेवून दिली. देवापाशी दिवा लावला. म्हटलं, उरलेल्या सकाळी."

"मग सकाळी?"

"सकाळी म्हटलं, राहू दे." तिने ताटातला एक खडा उचलला आणि परत ताटातच टाकला. "त्या खुर्चीत कुणी बसतच नव्हतं, शशी."

रस्त्यावरून सायकलवरचा आइसफ्रूटवाला घंटी वाजवत गेला.

"पण का कापल्यास?"

"तू मागच्या दाराने यायला लागलीस."

मला वाटलं होतं हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. कॉलेजातून येताना फाटकासमोरून यावं लागे. अण्णा बसलेले आणि शेजारी ती रिकामी खुर्ची. लोक आधी तिच्याकडे बघत, मग माझ्याकडे. महिनाभर मी तसंच मान खाली घालून आत येत होते. मग मागच्या बोळातून, गटार ओलांडून, मोरीच्या दाराने यायला लागले. आईला म्हटलं होतं, तिकडून जवळ पडतं.

"रोज तुझ्या चपला मोरीत दिसायच्या चिखलाच्या," आई म्हणाली. "आपल्याच घरात पोर चोरासारखी येते. आणि हे तिथे बसलेत वाट बघत, त्या..." तिने शब्द गिळला. जावयाला शिवी देणं तिच्याच्याने होईना. "मी त्यांना किती वेळा म्हटलं, एकच मांडा. म्हणायचे, तुला नाही कळत."

"आणि लंकाबाई?"

आईने ताट मांडीवरून खाली ठेवलं.

"तिची तीन घरं गेली, आई."

"माहीत आहे मला."

"तू फाटकात उभी राहून..."

"माहीत आहे म्हटलं ना!" मग आवाज उतरला. "मी आधी बोलले नसते, तर कुणीतरी मला विचारलं असतं. कुणी काही विचारायच्या आधीच मी तिला... मलाच कळत नाही कशी बोलले. तिला परत बोलवायची, तर यांना सांगावं लागेल पट्ट्या कुणी कापल्या. ते विचारतील, का कापल्यास. मग काय सांगू? जावईबापू दाराला कडी घालून रेडिओ ऐकतात, हे सांगू? तिथे दवाखान्यात, हाडात सळई घातलेल्या माणसाला?"

मी पकडीत खिळा धरून मेणबत्तीवर तापवला. तो चांगला तापला की पट्टीच्या घडीतून आरपार घालायचा, म्हणजे स्क्रूसाठी भोक पडतं आणि भोकाची कडही पक्की होते. मी एक भोक पाडलं. दुसरं पाडताना खिळा जरा सरकला आणि बोटाला लागला.

आईने उठून माझं बोट स्वतःच्या तोंडात घातलं, मी लहान असल्यासारखं.

---

अण्णा घरी आले ते वॉकर घेऊन. रिक्षातून उतरायलाच पंधरा मिनिटं लागली. गुंदेचाकाकू मदतीला आल्या, जोशी मास्तर आले. सगळे गेल्यावर, ऊन उतरायला लागलं तेव्हा अण्णा म्हणाले, "शशी, खुर्च्या झाल्या ना? मांड."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. मी दोन्ही खुर्च्या उचलल्या. अण्णांची नेहमीच्या जागी, दुसरी लिंबाच्या सावलीत, थोडी पुढे. नव्या पट्ट्या भडक हिरव्या दिसत होत्या, डोळ्यांना खुपतील अशा. अण्णांना धरून बसवलं. त्यांनी बसल्याबसल्या पट्टी चिमटीत धरून ओढून पाहिली. "चांगली घट्ट विणलीयेस. डेपोत सुद्धा अशी नव्हती."

मग त्यांनी फाटकाबाहेर पाहिलं.

मी जाऊन सावलीतल्या खुर्चीत बसले.

अण्णांना वाटलं मी दम घेतेय.  बोरुड्यांचा मुलगा सायकलवरून गेला, त्याने आमच्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. तो फाटकापासून पुढे जाईपर्यंत पाहिलं.

"अण्णा, ते येणार नाहीत."

"अगं, कामात असतील. मे महिना..."

"आले तरी मी जाणार नाही."

मग मी सांगितलं. कडी, रेडिओ, जिना. एका डिसेंबरात जिन्यात बसून काढलेली रात्र, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी न बोलता एक घोंगडी खाली टाकली होती, तेही. मी सावकाश सांगितलं, प्रयोगाची कृती सांगावी तसं, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. अण्णा रस्त्याकडे बघत होते. त्यांचा हात वॉकरच्या दांडीवर होता आणि तो दांडी चाचपत होता.

"आणि त्या पट्ट्या आईने कापल्या होत्या," मी म्हणाले. "मला तुमच्या समोरून येता येत नव्हतं, म्हणून. तुम्ही बसाल असं तिच्या मनातही नव्हतं. लंकाबाईला काही झालेलं नाही. तिला आपण काढलंय."

मागे ओट्यावर आईच्या पावलांचा आवाज आला.

 अण्णांच्या कपाळाची शीर वर आली होती आणि मी तिच्याकडे बघत होते; तेवढीच भीती होती मला. मग त्यांनी मागे वळून न बघता आईला हाक मारली, "अगं, ऐकलंस का?"

"हो."

"पाणी आण मला." आणि मग, "तिलाही आण."

आईने दोन पेले आणले. अण्णांनी पाणी पिऊन पेला परत दिला, तेव्हा माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "जरा मागे घे ती खुर्ची," ते म्हणाले. "थोड्या वेळाने तिथेही ऊन येतं. सावली मागे सरकते."

मी खुर्ची मागे घेतली. ती आता त्यांच्या खुर्चीच्या रांगेत आली.

---

दुसऱ्या दिवशी आई आणि मी लंकाबाईकडे गेलो. नाल्यापलीकडे तिची खोली होती. ती दारात भांडी घासत होती. आईने हात जोडले. पट्ट्या मीच कापल्या, तुझी चूक नव्हती, चल परत, असं सगळं एका दमात म्हणाली. लंकाबाईने कढई राखेने घासून पूर्ण केली, धुतली, पालथी घातली.

"वहिनी, इथं कोण ऐकतंय?" ती म्हणाली. "फाटकात उभं ऱ्हाऊन काढलं. बोलवायचं तर तिथूनच बोलवा."

 वाटेत मला वाटलं, हे आईला जमणार नाही. आयुष्यात तिने गल्लीत आवाज चढवला होता तो एकदाच.

दुपारी चारच्या सुमाराला लंकाबाई रस्त्याने आली आणि आमच्या फाटकासमोर, रस्त्यातच, उभी राहिली. कडीला हात लावला नाही. गुंदेचाकाकू अंगणात होत्या. बोरुड्यांच्या बाई नळावर होत्या. आई ओट्यावरून उतरून फाटकाशी गेली. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला.

"खुर्ची मी कापली होती," ती म्हणाली. गुंदेचाकाकूंकडे बघत नव्हती, कुणाकडेच नव्हती, पण आवाज तिकडपर्यंत गेला. "कात्रीने. लंकाचा काही दोष नव्हता. मी तिला खोटं बोलून काढलं." मग थांबून, "लंका, आत ये."

नळावरची बादली भरून वाहायला लागली. कुणी नळ बंद केला नाही.

लंकाबाईने कडी काढली. आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या उचलल्या आणि अंगणात नेऊन उघडल्या. अण्णा वॉकरवर दारात उभे होते.

"आलीस का लंका?"

"आले, अण्णा. थांबा जरा, बसू नका."

तिने पहिल्या खुर्चीवर दोन्ही हात ठेवून दाबलं. मग दुसरीकडे गेली. पदर कमरेला खोचला आणि सगळा भार टाकून तीही दाबून पाहिली.

"हं," ती म्हणाली. "बसा आता दोघं."